फॉरमॅट मारण्याआधी : वाचकांचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. जुन्या मशीनला विंडोज ११ चालत नाही, म्हणून नागपुरातल्या बऱ्याच घरांत, दुकानांत लिनक्स बसलं. आता त्याची पत्रं येऊन राहिली आहेत, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एक वाक्य ठरलेलं : 'मेकॅनिक म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल', म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकायचं. मेकॅनिकला ते सोपं पडतं. तासाभरात मशीन परत देता येतं, दोष काय होता ते शोधावं लागत नाही, आणि दोष राहिलाच तर गिऱ्हाईक पुन्हा येतं. या वेळच्या एकाही पत्राला फॉरमॅट हे उत्तर नाही.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा. 'डॅश' म्हणजे आडवी रेघ, 'सुडो' म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने, आणि दोन शब्दांमध्ये एक जागा सोडायची.

प्रश्न : ताई, महाल भागात माझं लग्नपत्रिका आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट सिनॅमन टाकलं, रॅम ४ जीबी. सकाळी मशीन ठीक असते, पण दुपारपर्यंत फ्री मेमरी १८० एमबीवर येते. फोटो पाठवला आहे. ओळखीच्या एका मुलाने दर तासाला रॅम साफ करणारी स्क्रिप्ट टाकून दिली. तरी मशीन अधूनमधून पाच-पाच मिनिटं गोठते. रॅम खराब झाली का जी?

उत्तर : भाऊ, तुमच्या फोटोत रॅम खराब असल्याची एकही खूण नाही. तो 'फ्री डॅश-एच' या आज्ञेचा फोटो आहे आणि तुम्ही त्यातला नको तो रकाना वाचून राहिले. डावीकडून बघा : टोटल ३.७ जीबी, यूज्ड १.५, फ्री १८० एमबी, बफ-कॅश २.०, आणि अगदी शेवटी अव्हेलेबल १.९. तुमच्या कामाचा आकडा तो शेवटचा. म्हणजे फोटो काढला तेव्हा जवळपास निम्मी रॅम तुमच्या हाताशी होती.

फ्री म्हणजे जिला कोणी हातच लावलेला नाही ती रॅम. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल लिनक्स रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं (बफ-कॅशचा रकाना तो हाच), म्हणजे पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत जायला नको. दुकानाचं भाडं पूर्ण भरायचं आणि अर्धे रॅक रिकामे ठेवायचे, असं महालातला कोणता दुकानदार करतो? एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की हा साठा लगेच सोडला जातो, म्हणून त्यातला बराचसा भाग अव्हेलेबलमध्ये धरलेला असतो. हा हिशेब कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः द्यायला लागलं ते २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून. त्याआधी शिकलेली मंडळी अजूनही फ्रीकडे बघून घाबरतात आणि दुसऱ्यांनाही घाबरवतात.

४ जीबीचे ३.७ कसे झाले, हे तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला विचारलं आहे. मदरबोर्डवरचं ग्राफिक्स आपला वाटा आधीच काढून घेतं, थोडी बायोस (बोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) आणि कर्नेल राखून ठेवतात. दुकानदाराने फसवलं नाही.

ती दर तासाची स्क्रिप्ट मात्र आजच्या आज काढा. 'सुडो क्रॉनटॅब डॅश-ई' उघडा. 'ड्रॉप कॅशेस' लिहिलेली ओळ दिसेल किंवा त्या स्क्रिप्टचं नाव दिसेल, ती पुसून टाका. ही सोय चाचण्या घेणाऱ्यांसाठी आहे, धंद्याच्या मशीनसाठी नाही. साठा पुसला की फायरफॉक्स, इंकस्केप, तुमचे शेकडो फाँट, सगळं पुन्हा हार्ड डिस्कवरून उचलावं लागतं. दर तासाला तुम्ही स्वतःच मशीन हळू करून राहिले होते.

आता गोठण्याचं. ते खरं आहे, पण त्या वेळचा फोटो तुमच्याकडे नाही. तुमच्या पत्रावरून अंदाज असा : गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं म्हणून व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं, शेजारी चार-सहा टॅब, आणि इंकस्केपमध्ये मोठ्या चित्रांची पत्रिका. अव्हेलेबल तळाला गेलं की कर्नेल रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे त्यासाठी डिस्कवर राखलेल्या जागेत, टाकू लागतं, आणि तुमचं स्वॅप फिरत्या हार्ड डिस्कवर आहे. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता सलग पेटलेला आणि माउस अडखळत चाललेला दिसला की हेच समजा. खात्री करायची तर 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा एका खिडकीत चालू ठेवा. दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात 'एसआय' आणि 'एसओ' या दोन रकान्यांत एरवी शून्य असतं. मशीन जड होताना तिथे सलग मोठे आकडे आले तर स्वॅपची आत-बाहेर ये-जा चालू आहे.

उपाय स्वस्तापासून सांगते. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून झेड-रॅमचं पॅकेज टाका. ते रॅमच्याच एका भागात मजकूर दाबून ठेवतं, त्यामुळे डिस्कवर जाण्याची वेळ उशिरा येते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हे मुळातच चालू ठेवलं आहे. सिनॅमनऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरला तर अजून थोडी जागा सुटेल. त्यासाठी नवं इन्स्टॉलेशन नको. पॅकेज टाका आणि लॉगिनच्या वेळी सेशन बदला. 'स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती लवकर वळायचं तो आकडा) ६० वरून १० करा' असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. करा, बिघडत काही नाही, पण त्याने रॅम वाढत नाही.

खरा फरक पडेल तो अजून ४ जीबीची पट्टी टाकून. विकत घेण्याआधी 'सुडो डीएमआयडीकोड डॅश-टी मेमरी' चालवा : पट्टीचे किती स्लॉट आहेत, किती रिकामे, बोर्ड जास्तीत जास्त किती घेतं आणि पट्टी डीडीआर३ की डीडीआर४, सगळं छापून येतं. दोन्ही पट्ट्यांवरची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. ते कागदावर लिहून, तो कागद खिशात घालूनच बर्डीच्या बाजारात जा. आणि पुढेमागे डिस्क बदलून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकाल, तर एवढे दिवस कसे काढले असं तुम्हालाच वाटेल.

प्रश्न : मी हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, उबुंटू लिनक्स पटकन चालू व्हायचं. मागच्या आठवड्यात जीपार्टेडने पार्टिशन (डिस्कचे भाग) इकडचं तिकडं केलं, स्वॅप पुसून नव्याने बनवलं. तेव्हापासून लोगोवर दोन मिनिटं अडकतं. रूममेट म्हणतो एसएसडी गेली.

उत्तर : एसएसडी ठीक आहे. जवळजवळ बरोबर दोन मिनिटं लागतात, इथेच दोष पकडला गेला. दीड मिनिट आणि अर्धं मिनिट अशा दोन वेगळ्या वाट बघण्यांची ती बेरीज आहे.

उद्या चालू करताना लोगो दिसला की एस्केप दाब. लोगो बाजूला होतो आणि मागची अक्षरं दिसतात. 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' अशी एक ओळ असेल, पुढे डिस्कचा लांबलचक ओळखक्रमांक, आणि शेवटी '१ मिनिट ३० सेकंद' या मर्यादेकडे सरकणारं घड्याळ. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा क्रमांक असतो. स्वॅप नव्याने बनवलंस तेव्हा नवा क्रमांक पडला, पण ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) जुनाच राहिला. चालू होताना सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टिमडी आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतं आणि कंटाळून पुढे जातं.

'एलएसबीएलके डॅश-एफ' चालव, आजचे खरे क्रमांक दिसतील. एफएसटॅबची आधी एक प्रत काढून ठेव, मग 'सुडो नॅनो' ने उघडून स्वॅपच्या ओळीतला जुना क्रमांक काढ, नवा घाल. एका अक्षराचा फरकही चालत नाही, तेव्हा टाइप करू नकोस, कॉपी कर. धीर होत नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला नुसतं हॅशचं चिन्ह टाक, ओळ बाद होते. रूटच्या, म्हणजे मुख्य पार्टिशनच्या, ओळीला हात लावू नको.

उरलेलं अर्धं मिनिट याच्याही आधीचं. हायबरनेट केलेलं मशीन जागं करायचं आहे का, हे पाहण्यासाठी सुरुवातीची छोटी प्रणालीसुद्धा (इनिटरॅमएफएस) त्याच जुन्या स्वॅपला शोधते. तो क्रमांक ईटीसी, इनिटरॅमएफएस-टूल्स, कॉन्फ-डॉट-डी या वाटेवरच्या 'रिझ्यूम' फाइलमध्ये असतो. तिथे नवा क्रमांक घाल, किंवा हायबरनेट वापरत नसशील तर 'नन' लिही. मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश-यू' चालवायला विसरू नकोस, नाहीतर फाइल बदलूनही फरक पडणार नाही.

तू 'सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम'ची यादी जोडली आहेस आणि सगळ्यांत वरच्या नेटवर्कच्या सेवेला दोषी धरलं आहेस. ब्लेम प्रत्येक सेवेला लागलेला वेळ दाखवतं, पण सेवा एकाच वेळी शेजारी-शेजारी चालतात. वरच्या नावामुळे बाकी कोणी अडून बसलंच असेल असं नाही. कोणामुळे कोण अडलं ते 'सिस्टिमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन' सांगतं. आणि जे पार्टिशन आलंच नाही, ते ब्लेमच्या यादीत सापडतच नाही. ते 'जर्नलसीटीएल डॅश-बी' मध्ये 'टाइम्ड आउट' म्हणून सापडेल.

एक जास्तीचं. पुढे बाहेरची हार्ड डिस्क एफएसटॅबमध्ये घालशील तेव्हा पर्यायांत 'नोफेल' लिही. स्वॅप सापडलं नाही तर मशीन उशिरा का होईना चालू होतं. डेटाचं पार्टिशन सापडलं नाही आणि नोफेल नसलं, तर सरळ इमर्जन्सी मोडमध्ये पडतं. तेही बहुतेक परीक्षेच्या आदल्या रात्री.

प्रश्न : नंदनवनात राहतो, सेवानिवृत्त शिक्षक आहे. परवा वादळात तीनदा लाइट गेले-आले. त्यानंतर कॉम्प्युटर लावला की काळा पडदा, इंग्रजी चार ओळी आणि शेवटी कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहून थांबतो. नातीचे सगळे फोटो त्यात आहेत. दुकानातून सांगितलं, डिस्क उडाली, फॉरमॅट करू, फोटोंची गॅरंटी नाही.

उत्तर : सर, डिस्क उडाली असती तर मशीनने एवढंही बोलून दाखवलं नसतं. लिहिता लिहिता वीज गेली, फाइल-सिस्टिमच्या नोंदी अर्धवट राहिल्या. एक्सटी४ ही लिनक्सची फाइल-सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. ती स्वतःची रोजनिशी ठेवते आणि एरवी त्यावरून आपली आपण सावरते. वीज लागोपाठ गेली की कधी कधी सावरता येत नाही. तेव्हा मशीन पुढे जाण्याऐवजी थांबतं आणि हाताने तपासायला सांगतं.

पण तपासण्याआधी फोटो. त्यांची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर आधी मिंटचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू करा. शेजारच्या कोणत्याही चालू कॉम्प्युटरवर तो बनवता येतो. तिथून आपली डिस्क उघडून फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं करू नका, कारण दुरुस्ती करताना अर्धवट नोंदी काढूनही टाकल्या जातात.

मग पुन्हा तोच काळा पडदा. वरच्या ओळींत 'डेव्ह, एसडीए२' असं पार्टिशनचं नाव असेल. तुमच्याकडे आकडा वेगळा असू शकतो, जो आहे तो वहीत लिहून घ्या. टाइप करा : 'एफएससीके डॅश-वाय', एक जागा, मग तिरपी रेघ, डेव्ह, तिरपी रेघ, आणि ते नाव. 'डॅश-वाय' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला होकार. नाहीतर तुम्हाला शेकडो वेळा वाय दाबावं लागेल. पडद्यावर ओळी पळतील, पळू द्या. शेवटी 'फाइल सिस्टिम वॉज मॉडिफाइड' आलं की 'रीबूट' लिहून एंटर.

चालू झाल्यावर मेन्यूतलं 'डिस्क्स' उघडा, त्यात 'स्मार्ट डेटा'. 'रिअलोकेटेड सेक्टर काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळी वाचा. दोन्ही शून्य असतील तर दोष विजेचा, निर्धास्त राहा. पेंडिंगचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर दुकानदाराचं निदान उशिरा का होईना खरं ठरेल, डिस्क बदला. आणि यूपीएस घ्या सर. पावसाळा तोंडावर आहे.

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं ठोक दुकान. नवीन कॅबिनेटला फक्त एचडीएमआय आहे, मॉनिटर जुना व्हीजीए, १६०० बाय ९०० चा. मध्ये कन्व्हर्टर लावला. मिंटमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर पर्यायच नाही, अक्षरं चपटी दिसतात, बिलाचा तक्ता अर्धा बाहेर जातो. मेकॅनिक म्हणतो लिनक्सला ड्रायव्हरच नाही, विंडोज टाका.

उत्तर : ड्रायव्हर आहे शेठ, निरोप पोचत नाही. मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची १२८ बाइटांची एक नोंद असते : मी कोण, मला कोणती मापं चालतात. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून ती जाते. कन्व्हर्टर हलका असेल तर ती नोंद पुढे ढकलतच नाही. मग कॉम्प्युटर जोखीम न घेता १०२४ बाय ७६८ वर बसतो.

आधी व्हीजीएची केबल काढून तिचं तोंड उजेडात धरून बघा. एखादी पिन वाकून आडवी झालेली असते. बारीक चिमट्याने हलकेच सरळ करा. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, ती तुटली समजून केबल फेकू नका. मग शेजारच्या दुकानातला दुसरा कन्व्हर्टर तासभर मागून आणा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर एक शंका. मिंट टाकताना पडदा काळा आला म्हणून मेकॅनिकने 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडला होता का? त्यात 'नोमोडसेट' नावाचा शब्द कर्नेलला दिला जातो आणि ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो. 'कॅट', मग तिरपी रेघ, प्रॉक, तिरपी रेघ, सीएमडीलाइन : या आज्ञेच्या उत्तरात नोमोडसेट दिसला तर ईटीसी, डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलमधून तो एवढा शब्द काढा, 'सुडो अपडेट-ग्रब' करा आणि मशीन पुन्हा चालू करा. सगळी मापं एकदम दिसायला लागतील.

तोही नसेल तर माप हाताने शिकवायचं. 'सीव्हीटी १६०० ९००' लिहा. उत्तरात 'मोडलाइन' शब्दानंतर अवतरणात नाव आणि पुढे आकडे येतील : ११८.२५, १६००, १६९६, १८५६, २११२, ९००, ९०३, ९०८, ९३४. मोडलाइन शब्द सोडून बाकी पूर्ण ओळ 'एक्सरॅन्डआर डॅश-डॅश-न्यूमोड'च्या पुढे चिकटवा. मग 'एक्सरॅन्डआर डॅश-डॅश-ॲडमोड', त्यानंतर पोर्टचं नाव (नुसतं 'एक्सरॅन्डआर' लिहिलं की 'कनेक्टेड'च्या आधी दिसतं ते) आणि मापाचं नाव. शेवटी 'एक्सरॅन्डआर डॅश-डॅश-आउटपुट' पोर्ट, 'डॅश-डॅश-मोड' माप. मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' आलं तर घाबरू नका. हे बदल कुठेही साठवलेले नसतात, मशीन पुन्हा चालू केलं की जुनं माप परत येतं. जमलं तर तिन्ही ओळी एका फाइलमध्ये टाकून 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये ती फाइल लावा, म्हणजे रोज सकाळी लिहावं लागणार नाही.

तुमच्या भावाच्या दुकानातला मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा आहे असं लिहिलंत. तिथे सीव्हीटी १३६८ छापेल. चूक नाही ती. त्याला रुंदी ८ ने भाग जाणारी लागते.

प्रश्न : ताई, मानेवाड्यात शिकवणी घेते. कॉम्प्युटर सकाळ-संध्याकाळ चांगला चालतो आणि दुपारी दोनच्या पुढे हँग होतो, कधी पडद्यावर रंगीत पट्टे येतात. हे फक्त उन्हाळ्यातच. मी मेमरी सेटिंग बदलून पाहिलं, डिस्प्ले सेटिंग बदलून पाहिलं.

उत्तर : सेटिंगला घड्याळ कळत नाही ताई, उष्णतेला कळतं. दुपारी खोलीच चाळिशीत असते. त्या हवेने प्रोसेसर थंड करायचा म्हणजे पंख्याची परीक्षाच. 'एलएम-सेन्सर्स' पॅकेज टाका आणि दुपारी 'सेन्सर्स' ही आज्ञा चालवा. कोअरचे आकडे ९० च्या वर रेंगाळत असतील तर उत्तर मिळालं. 'जर्नलसीटीएल डॅश-के' मध्ये 'टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड' असं शोधा. प्रोसेसरने स्वतःला हळू केल्याची नोंद कर्नेल तिथे करून ठेवतं. 'सेन्सर्स'च्या यादीत एखादा सेन्सर १२७ किंवा उणे १२८ दाखवेल. तो कशालाच जोडलेला नसतो, दुर्लक्ष करा. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि गावभर बोंब झाली होती. सेन्सरमध्ये दोष होता, असं नंतर हवामान खात्यानेच सांगितलं.

कॅबिनेट उघडा. प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या पत्र्यांत धुळीचा नमदा बसलेला असेल. पंखा बोटाने धरून ब्लोअरने उडवा, कारण मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंग घालवतो. मशीन चार-पाच वर्षांचं असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या.

आता तुमच्याकडे कूलर कुठे आहे ते बघा. नागपुरात कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारच्या खिडकीतच कूलर असतो, आणि त्याचा ओला झोत कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून थेट आत. रॅमच्या पट्टीचे सोनेरी संपर्क त्या ओलीने आणि धुळीने काळवंडतात. गरम झाल्यावर संपर्क हलतो, पट्टे दिसतात, हँग होतं. तुमचं ग्राफिक्स रॅम वाटून घेणारं आहे, म्हणून रॅमचा दोष पडद्यावर उमटतो. वायर काढा, पट्टी बाहेर घ्या, संपर्कांवरून साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, परत दोन्ही बाजूंचे चिमटे कट् वाजेपर्यंत बसवा. कूलर खोलीच्या दुसऱ्या भिंतीकडे न्या. ते शक्य नसेल तर टेबल हलवा.

एवढं करूनही दुपारी हँग झालंच तर मेमटेस्ट ८६ प्लस, हा रॅम तपासणारा प्रोग्राम. २०२२ च्या ६ व्या आवृत्तीपासून ते बायोसऐवजी यूईएफआय असलेल्या नव्या मशीनवरही चालतं. तो दुपारीच लावा, रात्री नको; दोष ज्या वेळी येतो त्या वेळीच पकडायचा. एक पूर्ण फेरी होऊ द्या. लाल ओळ एक आली तरी पुरे : दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून कोणती ते ठरवा.

प्रश्न : विंडोज आणि मिंट दोन्ही आहेत. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. बायोसचा सेल दोनदा बदलला.

उत्तर : सेल बदलायची गरज नव्हती. बोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज ती आपली स्थानिक वेळ समजतं. मधला फरक भारताचा साडेपाच तासांचा. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एकदा चालवा. मशीन रोज सकाळी कितीतरी वर्षं मागची तारीख दाखवत असेल आणि ब्राउझर साइट असुरक्षित म्हणत असेल, तेव्हा सेल बदलायचा. तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा.

प्रश्न : हॉलमधल्या एलईडी टीव्हीला लॅपटॉप जोडला. मिंटची खालची पट्टी अर्धी कापली जाते. रिझोल्यूशन सगळी बदलून पाहिली.

उत्तर : लॅपटॉपला हात लावू नका, टीव्हीचा रिमोट घ्या. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो, जुन्या प्रसारणाच्या काळची सवय आहे. पिक्चरच्या मेन्यूत आकार किंवा ॲस्पेक्ट रेशो शोधा. १६:९ च्या जागी कुठे 'जस्ट स्कॅन', कुठे 'स्क्रीन फिट', कुठे 'फुल पिक्सेल' असं काही लिहिलेलं असेल, तेच निवडा. काही टीव्हींत हा पर्याय एचडीएमआयवर चित्र चालू असतानाच दिसतो, तेव्हा आधी लॅपटॉप जोडा, मग मेन्यू उघडा.